कोंडावरच्या बारीक गऱ्या

रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराजवळ मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. तिथे मी शिरले की दुकानदाराचं तोंड कडू होतं, हे मला ठाऊक आहे. होऊ दे. मी रोख पैसे मोजते आणि माल पारखून घेते, त्यात त्याला लागण्यासारखं काही नाही. त्याच्याकडचं सगळं सामान समुद्राचं. गरी, म्हणजे गळाला लावायचा आकडा, तो दाखवतो ती करंगळीएवढी. मी म्हणते, नदीची दाखवा. तो त्याच बरणीत पुन्हा हात घालतो आणि म्हणतो, "मॅडम, ही घ्या. सुरमईसुद्धा सुटायची नाही."

आमच्या नदीत सुरमई आली तर मी अख्ख्या देवरूखात पेढे वाटीन. रत्नागिरीच्या माणसाची ही खोड जायची नाही. रोज समुद्र बघून बघून याची समजूत अशी झाली आहे की मासा म्हणजे खाऱ्या पाण्यातला, आणि गरी जितकी मोठी तितका मासा मोठा. नदी याच्या लेखी पूल ओलांडताना खाली दिसणारी वस्तू. आमच्या कोंडातला, म्हणजे नदीच्या डोहातला, खवळ मासा हातभर वाढतो, पण त्याचं तोंड शर्टाच्या बटणाएवढं. तो आमिष गिळत नाही, आधी चोखून बघतो. लोखंड लागलं की थुंकून टाकतो आणि तुम्ही दिवसभर पाण्याकडे बघत बसता. म्हणून गरी बारीक हवी. पण बारीक गऱ्या बनवणारे बहुतेक जण नुसत्या तारेच्या तुकड्यावर भागवतात. खवळ लागला की तो सरळ दगडाखालच्या कपारीत घुसतो, आणि गरी कच्ची असली तर टाचणीसारखी सरळ होऊन हातात येते. बारीक आणि तरीही दमदार, अशी गरी दहांतली एक निघते. ती एक शोधायला मी तिथे उभी असते आणि दुकानदार घड्याळ बघत असतो.

मी टोक नखावर टेकवते. घसरलं तर बोथट, अडकलं तर कामाचं. मग उलट्या काट्याची खाच बघते, कारण खाच खोल असली की गरी नेमकी तिथेच मोडते. नेढं, म्हणजे दोरी ओवायचं भोक, नीट मिटलेलं हवं, नाहीतर तंगूस, ती नायलॉनची दोरी, कापला जातो. शेवटी टोक त्याच्या टेबलाच्या कडेला रुतवते आणि दांडी ओढते. बाक जरासा उघडून पुन्हा जागेवर आला तर ठेवते. उघडाच राहिला तर ती गरी त्याच्यासमोर बाजूला टाकते. टेबलाला भोकं पडतात म्हणून तो कुरकुरतो. कच्चा माल विकताना कुरकुर नसते ती तेव्हा कुठून येते, असं मी एकदा विचारलं. तेव्हापासून तो गप्प असतो.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी. माझे वडील मुंबईत एका गोदामावर पहारेकरी होते. निवृत्त झाले आणि गावी, आमच्या बौद्धवाडीत, येऊन राहिले. आई गेली. मी देवरूखला शाळेत शिकवते आणि रविवारी गावी जाते. बाबांना आता गरीचं नेढं दिसत नाही, म्हणून गऱ्या मी आणते, मीच बांधते, आणि आम्ही दोघं नदीवर बसतो. बोलणं फारसं नसतं. बाबा कमी बोलतात आणि त्यांच्या वाटचं मी बोलते, असं आमच्या वाडीत म्हणतात. खरं आहे ते.

गावाच्या नदीला एक खोल कोंड आहे. मे महिन्यात बाकी नदी आटते आणि सगळे मासे त्या कोंडात गोळा होतात. कोंडाच्या मधोमध पाण्यात घुसलेला एक सपाट कातळ आहे. गरवायला, गरी टाकून बसायला, त्याच्यासारखी जागा नाही. आमची माणसं त्या कातळावर कधी बसली नाहीत. जुना दंडकच होता: कोंडात जाळी टाकायची ती वरच्या वाडीने. त्यांचं आटोपलं की आमच्या वाडीने खालच्या अंगाला, दरडीवर उभं राहून, गरी टाकायची. जाळं आमच्यासाठी नाही आणि कातळही नाही. दरडीवरून कपारीतला मासा ओढून काढायचा तर गरी दमदार लागणारच. आमच्या लोकांना बारीक गरी पारखता येते ती हौस म्हणून नाही. दुसरं काही हातात धरू दिलं नव्हतं.

आता दंडक कोणी बोलून दाखवत नाही. पण कातळावर बसायलाही कोणी बोलावलं नव्हतं.

गेल्या मे महिन्याच्या सुरुवातीला वरच्या वाडीतला एक गृहस्थ आमच्याकडे आला. पुण्याला धंदा करून आलेला, नदीकाठी पर्यटकांसाठी खोल्या बांधलेला. त्याच्या वडिलांनी माझ्या आजोबांना उभ्या जन्मात एकेरीशिवाय हाक मारली नाही. हा मात्र चपला बाहेर काढून आत आला, बाबांना "काका" म्हणाला, चहा प्यायला. तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू?

मग त्याने विषय काढला. कोंडावर गरीचा महोत्सव करायचा. मुंबई-पुण्याचे पाहुणे येणार, स्पर्धा होणार, मांडव, माईक, जेवणं. "काका, आपल्या पूर्वजांची दूरदृष्टी बघा," तो म्हणाला. "कोंडात कधी जाळं टाकलं नाही. फक्त गरी. खाण्यापुरता मासा घ्यायचा, बाकी नदीला ठेवायचा. ही आपल्या गावाची परंपरा जगाला दाखवायची. आणि ती दाखवायला तुमच्यासारखा जुना माणूस हवा. तुम्ही मधल्या कातळावर बसायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जाळं टाकलं नाही कोणी?" मी म्हटलं. "तुमच्या पडवीत दर मे महिन्यात जाळी वाळत असायची ती काय शोभेला? आम्हाला टाकू दिलं नाही, ही तुमची दूरदृष्टी?"

तो हसला. अशी माणसं चिडत नाहीत, हसतात, म्हणून जास्त राग येतो. "बाई, तुम्ही शिकलेल्या. जुनं किती उगाळायचं? आता आपण सगळे एक."

"एक झालोत तर माईकवर तसं सांगा. जे झालं ते सांगा."

"महोत्सवात असं कोण सांगतं?" तो म्हणाला आणि बाबांकडे वळला. "काका, तुम्ही याल ना?"

बाबा म्हणाले, "येन."

तो गेल्यावर मी बाबांशी भांडले. भांडले म्हणजे आवाज चढवून भांडले, शेजारची काकी डोकावून गेली. मी म्हटलं, ज्यांनी दरडीवर उभं केलं त्यांच्या खोटेपणाला तुम्ही कातळावर बसून साक्ष देणार. एकदा तुम्ही तिथे बसलात की ते खोटं पक्कं झालं. उद्या आमच्याच वाडीतली पोरं म्हणतील, आपल्या गावात जाळं कधी नव्हतंच. फोटोत तुम्ही असाल ना पुरावा म्हणून! बाबा सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाय, मला त्या कातळावर जायाचा हाय."

"कशाला?"

"जायाचा हाय."

ते पुन्हा सुपारी कातरायला लागले. मी संतापाने देवरूखला परतले. पण गऱ्या आणल्या. त्या आठवड्यात दुकानदाराच्या टेबलाला जी भोकं पडली ती त्याच्या कायमची लक्षात राहतील.

महोत्सवाला मांडव होता, बुंदी होती, कातळापर्यंत फळ्यांची वाट केली होती. आणि स्पर्धकांना वाटलेल्या गऱ्या बघून मला मनापासून आनंद झाला. त्या गृहस्थाने मिरकरवाड्यातून घाऊक गऱ्या उचलल्या होत्या, चकचकीत, समुद्राच्या, एकेक अशी की तिला छत्री टांगावी. ज्या परंपरेचे गोडवे गात होता तिचा आकडासुद्धा याला ठाऊक नव्हता. पाहुण्यांनी त्यांना कणकेच्या लिंबाएवढ्या गोळ्या लावल्या. मासे आले, गोळ्यांचे तुकडे तोडून खाल्ले आणि गेले. सकाळ सरली, एकाच्याही हाताला काही लागलं नाही. माझ्या मनात आलं, नदी निदान खोटं बोलत नाही.

बाबा कातळावर बसले होते. महोत्सववाले फेटा बांधू म्हणाले, तर बाबांनी नको सांगितलं. मी मागे गांडुळांचा डबा घेऊन उभी होते. ऊन चढलं तेव्हा त्यांची दोरी हलली, थांबली, मग तिरपी पळाली. बाबांनी काठी वर घेतली आणि ती कमानीसारखी वाकली. खवळच होता. कपारीकडे धावला, बाबांनी रोखून धरला. मला वाटलं, आता गरी उघडणार. ती उघडली नाही. दोन-तीनदा हिसके देऊन मासा वर आला आणि काठावरची सगळी माणसं ओरडली. मोबाइल वर झाले. तो गृहस्थ फळ्यांवरून धावत आला, बाबांच्या खांद्यावर हात टाकून त्याने फोटो काढून घेतले आणि माईक त्यांच्या तोंडासमोर धरला. "काका, आपल्या परंपरेबद्दल दोन शब्द!"

बाबांना माईकवर बोलायची सवय नाही. त्यांनी मासा माझ्याकडे दिला, हात धोतराला पुसले.

"माझ्या बापान जाला विनलान होता," ते म्हणाले. "सुताचा. रातच्याला बसून विनी. एकदाच पान्यात टाकलान. मंग तुमची मानसा आली. त्यांनी ता जाला या कातळावर जालला. ह्या इथं. बापाला म्हनाले, राख पान्यात सोड. तवा मी पोर होतो. तिकडं दरडीवर उभा होतो."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. आईलाही माहीत नसावं. इतक्या रविवारी त्या दरडीवर माझ्या शेजारी बसून हा माणूस समोरच्या कातळाकडे बघत होता आणि मी त्याला गऱ्यांचे भाव सांगत होते.

गृहस्थाने माईक स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, "मंडळी, अशा या जुन्या आठवणी! काकांसाठी जोरदार टाळ्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या, वरच्या वाडीने वाजवल्या, मागे आमच्या वाडीतल्या दोघातिघांनीही वाजवल्या. मला ओरडायचं होतं. जन्मभर जिची जीभ कोणाच्या बापाला आवरली नाही, तिचा आवाज फुटेना. माझ्या हातात मासा तडफडत होता.

बुंदी न खाता आम्ही निघालो. बाबा दरडीच्या वाटेने हळूहळू चढत होते, मी मासा घेऊन मागून. वर आल्यावर ते दम घ्यायला थांबले.

"बाय," ते म्हणाले, "त्यांनी टाल्या कशाला गो वाजवल्यानी?"

"ऐकू आलं नसेल, बाबा."

बाबांनी खाली कोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "माईक होता की."