आप्पांची सावकाश आवराआवर

आप्पा नसते, तर मी केव्हाच माझ्या गावाची, परभणीची गाडी धरली असती. माझी शाळा सातवीत सुटलेली. बेळगावात खडेबाजारामागच्या दोन खोल्यांत आप्पा वखारीतल्या तंबाखूचा ओलावा मोजणारी यंत्रं बनवतात. त्या यंत्रांची जोडणी त्यांनी माझ्यावर सोपवली.

आप्पांना कंपनी वाढवायची भारी घाई. वाक्य संपायच्या आत ते चप्पल घालून दारात असतात. चहासुद्धा उभ्यानंच. "बूड टेकलं की धंदा बी बसतोय," म्हणतात.

निपाणीच्या एका वखारवाल्यानं दहा यंत्रं मागवली. एवढी मोठी मागणी आम्हाला कधीच आली नव्हती. पण बसवायला मी आलोय हे पाहून तो म्हणाला, "आप्पा, इंजिनियर आणायचा न्हवं? ह्यो किती शिकलाय?"

"सातवी. पण यंत्रं ह्यानंच जोडल्यात. ह्यो नको, तर यंत्रं बी न्हाईत."

आप्पांनी यंत्रांचं खोकं परत बांधायला घेतलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना सावकाश काम करताना पाहिलं. सुतळी गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मधेच पाणी मागवून घोट घोट प्यायले. शेवटी वखारवालाच कंटाळला. "ऱ्हाऊ द्या वो आप्पा. बसवू दे त्याला."

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "मागणी गेली असती की."

"व्हय रं. म्हणून तर सुतळी संपू देत नव्हतो."

उद्या कंपनी मोठी होईल, शिकलेली माणसं येतील, आणि कुणीतरी म्हणेल, आप्पांना नव्या यंत्रांतलं काय कळतंय. त्या दिवशी त्यांच्या बाजूनं पहिलं तोंड मी उघडणार आहे.