पाठची बाजू

"वाढदिवस आधी साजरा करायचा नाही म्हणजे नाही!" आजीनं काटा बशीत आपटला. "शनिवारी शुभेच्छा घेतल्या तर रविवार बघायला मी उरेन का?"

"मग सोमवारी करू," आई म्हणाली.

"पंच्याऐंशी वर्षं रविवारी पूर्ण होतायत, सोमवारी नाही."

बाबा दोघींच्या मध्ये बसून बटाटे वाढत होते. "गेझिने, तू पुढच्या रविवारी उड ना."

"पुढच्या रविवारसाठी थंड हवेची आघाडी तू आणणार का, फोल्कमार?" आई म्हणाली.

एकतीस वर्षं आईनं वैमानिकांना फोनवर हवामान सांगितलं. थंड हवेची आघाडी कुठवर आली, ढग किती खाली, आणि शेवटी एक अक्षर: ओ म्हणजे मोकळं, डी अवघड, एम त्याहून बेताचं, एक्स बंद. घरातही तेच. "आजी आज एम आहे," असं ती कुजबुजली की आम्ही जपून वागायचो. स्वतः मात्र ती कधी उडाली नव्हती. निवृत्त झाली आणि ग्लायडर शिकायला लागली.

आता तिला एकटीनं पन्नास किलोमीटर जायचं होतं. इंजिन नाही, म्हणून वर उचलणारी हवा लागते, आणि ती चांगली मिळते आघाडी निघून गेल्यावर. धुतलेलं आकाश, कापसासारखे ढग. आमच्याकडे त्याला रूकझाइटे म्हणतात, पाठची बाजू. ग्लायडरवाले मे महिन्यात कुणाच्या लग्नाचंही आमंत्रण पक्कं स्वीकारत नाहीत, ते यामुळेच. आईचे दोन मे हुकले होते. या रविवारी क्लबचं ग्लायडर तिच्या नावावर होतं. सोमवारी ते दुरुस्तीला जाणार होतं, थेट शरद ऋतूपर्यंत.

"रविवारी पाऊस?" आजीनं अचानक विचारलं.

आईचा आवाज फोनवरचा झाला. "आघाडी शनिवारी संध्याकाळी जाईल. रविवारी मोकळं. चारनंतर एखादी सर."

"नक्की?"

"सरीची वेळ नक्की सांगत नाही, आई. केक झाकून ठेवा."

आजीच्या ओठांचा कोपरा हलला. "उतरल्यावर तुला आणायला कोण जातं?"

"मी," बाबा म्हणाले. "ती उतरेल त्या शेतात, गाडीला ग्लायडरचा ट्रेलर लावून."

आजीनं रुमालाची घडी घातली. "रविवारची कॉफी गेझिने उतरेल तिथं."

"आणि ती गाईंच्या कुरणात उतरली तर?" बाबांनी विचारलं.

"तर कुरणात. माझी खुर्ची गाडीत टाक, फोल्कमार. केक मी मांडीवर धरीन."