वेगवेगळ्या रांगांतल्या दोन खुर्च्या

मधुकर गेल्याची बातमी आली तेव्हा मी मेथी निवडत होते. त्याचा मुलगा अनिकेत इस्पितळातून बोलत होता. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाला. तू एकटाच आहेस का, कुठं बसलायस का, असं मी त्याला विचारलं. फोन ठेवल्यावर उरलेली जुडी निवडून घेतली. अशा वेळी हातातलं गळून पडतं म्हणतात. माझं काही गळलं नाही. त्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हापासून मी रोज भीत होते. आता भ्यायचं काही उरलं नाही, असं तेव्हा वाटलं... तेही खरं नव्हतं.

मधुकर माझा धाकटा भाऊ. नागपूरकडून नोकरीसाठी इकडे न्यू जर्सीत आला आणि इथलाच झाला. त्याची बायको गेली, पुढे माझे यजमान गेले, तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. "तू तिकडे एकटी, मी इकडे एकटा. दोन कुकर कशाला लावायचे, बाई?" आयसेलिनजवळच्या त्याच्या घरात आम्ही दोघं म्हातारे राहत होतो. त्याला नाद एकच, बेसबॉलचा. नव्यानं आला तेव्हा ऑफिसात सकाळी सगळे त्याच खेळावर बोलायचे आणि हा नुसती मान हलवायचा. मग गाडीत रेडिओ ऐकून ऐकून शिकला आणि पुढे त्यांनाच शिकवायला लागला. मला तो खेळ कधी आवडला नाही. निम्मा वेळ सगळे उभे राहून थुंकत असतात. तसं म्हटलं की म्हणायचा, "ते थांबणंच बघायचं असतं."

त्या खेळाच्या तिकिटांची एक तऱ्हा आहे. सगळ्यांना विकायच्या आधी काही जणांना आधी घेऊ देतात. त्याला प्रीसेल म्हणतात. ईमेल येते, त्यात एक कोड असतो, तो टाकला की दार उघडतं. 'निवडक चाहत्यांसाठी, फक्त तुमच्यासाठी' असं त्यात लिहिलेलं असायचं, ते तो मला मराठीत करून वाचून दाखवायचा. मी विचारायचे, "निवडक म्हणजे किती?" तो म्हणायचा, "ते सांगत नाहीत." मी म्हणायचे, "मग अख्खं न्यू जर्सी निवडक असेल." त्याला राग यायचा. पण विक्रीच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसायचा. पडद्यावर एक रेघ हळूहळू सरकायची, म्हणजे आपण रांगेत आहोत. चहा निवून जायचा. मला पडद्यावरचं इंग्रजी वाचता यायचं नाही, मी त्याचं तोंड वाचायचे. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. आमच्या लहानपणी गावजेवणात आमच्या वस्तीची पंगत सगळ्यात शेवटी, लांब बसायची. आधीच्या पंगती उठेपर्यंत मधू माझा हात धरून विचारायचा, "बाई, आपल्यापर्यंत भाजी पुरंल ना?" म्हणून त्याला आधी बोलावणं आलं की मी टोमणे मारले तरी आतून समजत होते. आणि भीतही होते. ज्यांनी आज आधी बसवलं ते उद्या उठवतीलही.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायची ठरवली. नेहमीचं ऑपरेशन आहे म्हणाले. मधुकर घाबरला, पण बोलला नाही. म्हणाला, "त्याच्या आधी एकदा अनिकेतला घेऊन मॅचला जायचंय." अनिकेत तिकडे पार पश्चिमेला, सांता क्लाराला असतो. बापलेकांत भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा. "जेवलास?" "हो." "पाऊस?" "बाबा, इथे नाही पडत उन्हाळ्यात." "बरं." झालं. आता मात्र अनिकेतनं विमानाचं तिकीट काढलं, सुट्टी टाकली. राहिल्या फक्त शेजारी-शेजारी दोन खुर्च्या. प्रीसेलचा कोडही आला.

आणि मधुकरनं काय करावं? रविवारी आम्ही भाड्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदनेला जमतो. वंदना झाली की ज्याच्याकडे जे असेल ते सांगायची आमची पद्धत आहे. कुणाच्या ऑफिसात जागा निघाली, कुठं खोली रिकामी आहे, कुठल्या दुकानात सूट आहे, सगळं. एकट्यानं खायचं नाही. मधुकर उभा राहिला आणि त्यानं तो कोड मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा. शिकायला आलेल्या पोरांनी मोबाइलमध्ये टिपून घेतला. तो कोड फक्त एकदाच चालतो, हे ना त्यानं पाहिलं, ना त्या पोरांनी.

मंगळवारी त्याची पाळी आली, कोड टाकला, आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. "वापरलाय म्हणतंय," तो म्हणाला. हात छातीवर गेला. मी पाणी दिलं, खिडकी उघडली, अँब्युलन्सला फोन कसा लावायचा ते मनात घोकत उभी राहिले. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. जर्सी सिटीची सुलभा होती, आमच्याच वंदनेला येणारी. पोरीचा आवाज खोलीभर आला. "काका, मिळाली! दोन सीट्स, एकदम मस्त! तुमचा कोड लकी आहे यार... सॉरी, यार नाही, काका!"

मी खुणेनं म्हटलं, सांग तिला. त्यानं नाही म्हणून मान हलवली. "छान झालं, पोरी. टोपी घेऊन जा, ऊन असतं." फोन ठेवल्यावर मी बोललेच. "खुळा आहेस का? माग की तिकिटं. देईल ती."

"पंगतीत बसलेल्याला उठवू, बाई?"

मी त्याचा निवलेला चहा बेसिनमध्ये ओतून दिला. राग होता.

शुक्रवारी सगळ्यांसाठी विक्री उघडली. रेघ सरकून पुढे येईपर्यंत जोडीच्या जागा संपल्या होत्या. एकेकट्या सुट्या खुर्च्या उरल्या होत्या. त्यानं दोन घेतल्या, एक अगदी वर, एक पार खाली, मैदानाच्या दुसऱ्या अंगाला. खालची अनिकेतला. मी म्हटलं, "तुला वर काही झालं तर?" म्हणाला, "तर अनिकेत खाली आहे ना." मॅचच्या दिवशी मी घरात नुसती फेऱ्या मारत होते. टीव्ही लावला, पण खेळाकडे लक्ष कुणाचं? वरच्या खुर्च्यांवर कॅमेरा गेला की मी पुढे सरकायचे. एवढाल्या टोप्यांत भाऊ काय दिसणार...

संध्याकाळी दोघं हसत घरात आले. अनिकेतनं सांगितलं, बाबांनी सुरुवातीलाच फोन लावला तो शेवटपर्यंत ठेवलाच नाही. आधी खेळ समजावला. खेळ थांबला की आईबद्दल बोलले, तिचं आजारपण पहिल्यांदा सांगितलं, ऑपरेशनची भीती सांगितली. थोडा वेळ आवाज आला नाही की विचारायचे, "आहेस ना?" मधुकर जोडे काढता काढता म्हणाला, "शेजारी बसलो असतो तर दोघंही पुढे बघत गप्प बसलो असतो."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, छान झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी हृदय थांबलं. का, ते अजून कुणी मला समजेल असं सांगितलेलं नाही. सुलभा येऊन पुष्कळ रडली. तो कोड एकदाच चालायचा, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, "रडू नकोस. तू घेतलं नाहीस, त्यानं दिलं." तिला ते पटलं की नाही, माहीत नाही.

अनिकेत परत गेला. आता मॅच असली की संध्याकाळी त्याचा फोन येतो. तिकडे दुपार असते, त्याचं काम चालू असतं. फोन वाजला की मला अजून आधी इस्पितळच आठवतं. तो म्हणतो, "आत्या, टीव्ही लाव." मी लावते. तो बोलत नाही, मीही नाही. मला खेळ कळत नाही आणि त्याला हे माहीत आहे. तिकडून कीबोर्डचा आवाज येत राहतो. परवा तोही थांबला. पडद्यावर सगळे नुसते उभे होते, कोणी काही करत नव्हतं. मी वाट पाहिली, मग राहवलं नाही.

"आहेस ना?" मी विचारलं.