‘सुटली’ म्हणायला लावणाऱ्या कुमुदताई

डॉ. कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट दहिवलीला, भाताच्या गिरणीमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत झाली. मी डोक्यावरून पदर ओढून मागच्या दाराने गेले होते. पुढच्या दाराने जायची लाज वाटत होती, कारण गावाने त्या जागेला ‘वेड्यांचा दवाखाना’ असं नाव ठेवलं होतं. आज ताईंच्या साठीनिमित्त त्याच गावातली प्रतिष्ठित मंडळी या गौरव अंकात शुभेच्छा छापत आहेत. छापा. पण तेव्हा काय म्हणत होता, तेही कुठेतरी छापलं जावं, म्हणून महिला मंडळाचे हिशेब लिहिणारी ही मॅट्रिक झालेली गृहिणी लिहिते आहे.

माझे यजमान खोपोलीच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. भट्टी फुटली, त्यात त्यांचे जोडीदार बाळाराम गेले. यजमानांच्या अंगावर ओरखडा नव्हता, आणि तेच लोकांना खुपलं. भोंगा झाला की ते कानांवर हात दाबून खाटेखाली शिरत. कारखान्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘कामाची टाळाटाळ’. पाच मिनिटंसुद्धा तपासलं नाही! सासूबाई म्हणाल्या, “बाहेरचं हाय गं ते.” भगताने मिरच्यांची धुरी दिली. माणूस आधीच गुदमरलेला, त्याला आणखी धूर!

दुसऱ्यांवर रागावताना माझा दोष झाकणार नाही. मला वाटलं, विषय निघतो म्हणून त्रास होतो. मी देवापुढे त्यांचा हात आमच्या सुमनच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली, त्या दिवसाची गोष्ट पुन्हा तोंडातून काढायची नाही. त्यांनी ती पाळली. इतकी, की हळूहळू बोलणंच बंद केलं. दिवाळीपर्यंत रुजू व्हा, नाहीतर नाव कमी करू, असं कारखान्याचं पत्र आलं, तेव्हा शेजारच्या नर्सबाईंनी मला दहिवलीचा पत्ता दिला.

ताई ते पत्र घेऊन स्वतः कारखान्यात गेल्या. तिथले साहेब म्हणाले, “बाई, जखम कुठाय ते दाखवा.” ताई म्हणाल्या, “तुम्हाला आत्ता माझा राग आलाय ना? तो कुठे दिसतोय, ते आधी दाखवा.” मुदत वाढली.

पण यजमान चार गुरुवार ताईंसमोर भिंतीकडे बघत बसले. पाचव्या गुरुवारी ताईंनी विचारलं, “ठोंबरे, बोलता येत नाही, की बोलायचं नाही?” यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मला शपथेचं सांगावंच लागलं. एवढ्या शिकलेल्या बाई, हसतील असं वाटलं. त्या हसल्या नाहीत.

“शपथ सोडवतात कशी तुमच्याकडे?”

“जिनं घातली तिनंच ‘सुटली’ म्हणायचं.”

“मग म्हणा.”

“आणि पोरीला काही झालं तर?”

“पुढच्या गुरुवारी मुलीला आणा. देवापुढे म्हणायचं असेल तर देवही आणा.”

मी खरोखरच दत्ताची तसबीर पिशवीतून नेली. ताईंनी टेबलावरचे कागद बाजूला सारून, स्वतःच्या पदराने जागा पुसून तिथे ठेवली. मी तसबीर पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले. दहा वर्षांची सुमन एकदम तडकली, “म्हण ना गं आई! माझ्या डोक्यावर कशाला ठेवलंस हे सगळं?”

मी म्हटलं, “सुटली.”

सुमनला गिरणीतल्या मावशींकडे बसवलं. दार लोटलं. मग यजमान बोलले, “त्यानं हाक मारली, बाई. मी पळालो.”

ताईंनी ‘जाऊ द्या, विसरा’ म्हटलं नाही. “कशी मारली हाक? सगळं सांगा,” म्हणाल्या. दर गुरुवारी तीच हकिकत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पहिल्या खेपेला ते थरथरत होते. पुढे पुढे रडू लागले, आणि मग एकदा सांगून झाल्यावर त्यांनी चहा मागितला. नंतर ताईंनी त्यांना भोंगा ऐकायला नेलं, आधी लांब, खोपोलीच्या शिळफाट्याला, मग पार कारखान्याच्या फाटकाशी. स्वतः शेजारी उभ्या राहत. दिवाळीनंतर यजमान कामावर रुजू झाले. भट्टीवर नाही, स्टोअरमध्ये. आजही फटाके वाजले की ते दार लावून बसतात, पण बाहेर आल्यावर सांगतात, “भ्यालो गं.”

हा लेख द्यायला गेले तर गौरव समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, “वहिनी, नवऱ्याचं असलं आजारपण नका लिहू. सुमनचं लग्न जमायचंय. नुसतं ‘एक कामगार’ म्हणा.” म्हणजे मनाला जखम झालेला माणूस अजून लपवायचाच! मग गौरव कसला करताय, ताईंच्या शालीचा? मी घरी येऊन तावातावाने सगळं सांगितलं. सुमन म्हणाली, “ज्यांना चालत नाय त्यांनी येऊच नये बघायला.” यजमान म्हणाले, “माझं नाव घाल. पुरं घाल.”

उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव मी कधी घेतलेलं नाही. दत्तमहाराज कुमुदताईंना धडधाकट ठेवोत, त्यांचा आवाज अजून पुष्कळ वर्षं असाच खणखणीत राहो, असं मागणं मी आणि माझे पती रामचंद्र कृष्णा ठोंबरे, दोघं मिळून करतो.