सोमवारी बंद पडणारी गाडी

निरांजनाची एक बाजू चिंचेनं घासून लख्ख झाली होती, दुसरी अजून काजळलेलीच होती, तेवढ्यात ओट्यामागून आवाज आला. खर्र-खर्र-खर्र. मग गप्प. चंदाबाईचा राखेनं माखलेला हात जागीच थांबला.

पुन्हा खर्र-खर्र. सेल्फ फिरत होता, पण इंजिन काही धरत नव्हतं.

"सोमवार आला का इच्या अंगात येते!" तिचा नवरा देवीलाल बाहेरून ओरडला. "अवो, काल तं मांजरावानी गुरगुरत होती!"

चंदाबाईनं आत पाहिलं. आतल्या खोलीत बाजेवर तिची लेक वर्षा पडून होती. नववा महिना. पहिलं बाळ पोट चिरून काढलेलं, म्हणून पुसदच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, की पहिली कळ आली की घरी घटकाभरही थांबायचं नाही. अँब्युलन्स फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून तांडा चार किलोमीटर आत, आणि मधे नाला. त्या चार किलोमीटरला ही एकच जुनी पांढरी गाडी होती. वर्षा माहेरी आल्यापासून देवीलाल रोज सकाळी गाडी चालू करून बघायचा. सात आठवडे झाले. सोमवार-मंगळवार आला की गाडी हटकून दगा द्यायची आणि बुधवारी शहाण्यासारखी चालू व्हायची.

देवीलालनं बॅटरी बदलली, प्लग बदलले, कॉईल बदलली. उपयोग झाला नाही. मग तो म्हणाला, नजर लागली. चंदाबाईनं नजर उतरवली आणि पूजा वाढवली.

पूजा तिच्या हाडातच होती. तिचा आजा सांगायचा, की आपली माणसं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायची तेव्हा निघण्याआधी पहिल्या बैलाच्या कपाळाला हळद लागायची. ओझं वाहणाऱ्याला आधी नमस्कार, मग ओझं. चंदाबाईला बैल मिळाले नाहीत, गाडी मिळाली. बाळंतिणी, विंचू चावलेली पोरं, सासरी निघालेल्या नवऱ्या, सगळ्यांना या गाडीनं वाहिलं. म्हणून वर्षा आली तसा चंदाबाईनं सेवालाल महाराजांना नवस बोलला आणि दर सोमवारी गाडीची पूजा धरली. पहाटे, कोणी उठायच्या आत.

त्यामागे एक जुनी भीतीही होती. तिची थोरली बहीण धनीबाई बाळंतपणालाच गेली. दवाखान्यात नाही, नाल्यात. ट्रॅक्टरची ट्रॉली रुतली आणि धनीबाईचं डोकं चंदाबाईच्या मांडीवर हळूहळू जड होत गेलं. तेव्हा चंदाबाई सोळा वर्षांची होती. ते वजन मांडीवरून अजून उतरलेलं नव्हतं.

नऊच्या सुमारास ढाणकीहून हरिसिंग आला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस, देवीलालच्या नात्यातला. मोटरसायकल लावतानाच म्हणाला, "काय देवीलालभाऊ, अर्धी गाडी नवी करून ठेवली म्हणे! मले काहून नाही बोलावलं पहिले?"

"तुले बोलावलं तं तू चहाच जास्त पेतं."

"पेतोच. वहिनीच्या हातचा हाये." त्यानं बोनेट उचललं आणि मग त्याचं हसणं थांबलं. कॉईलकडून येणारी जाड वायर त्यानं सुक्या लाकडाच्या चिमट्यात धरली, टोक लोखंडापासून बोटभर लांब ठेवलं. "मारा सेल्फ."

टोकावरून निळी ठिणगी टक्-टक् उडाली.

"करंट चांगला हाये. म्हणजे कॉईलीपर्यंत बिमारी नाही. पुढं डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत जाते, अन् तिथून चार प्लगाले वाटल्या जाते. वाटणाराच चोर दिसून राह्यला." वायर जागच्या जागी बसवत तो म्हणाला, "वहिनी, एखादी जाड गोधडी आणा. चोर अंधारात दिसते."

गोधडी बोनेटवर टाकली. हरिसिंगनं आत डोकं घातलं. चंदाबाईलाही राहवलं नाही. तिनंही दुसऱ्या बाजूनं डोकं घातलं. आत काळोख, गरम वास, आणि देवीलालनं सेल्फ मारला तशी त्या काळोखात टोपी जिवंत झाली. टोपीच्या अंगावरून निळ्या रेघा सरपटत होत्या, या वायरीवरून त्या वायरीवर. पाच वायरी वर उठलेल्या. चंदाबाईचे हात आपोआप जोडले गेले. नाग. पाच फण्यांचा नाग. पहिल्या सोमवारी बोनेट उघडलं तेव्हाही तिला हाच दिसला होता.

मग तिला वास जाणवला. तिखट, घशाला झोंबणारा. सकाळपासून येत होता तो, पण गाडी चालू न होता सेल्फ मारला की पेट्रोलचा वास येतोच असं देवीलाल म्हणाला होता. गोधडीखाली तो वास साचत चालला होता.

"बंद कर!" हरिसिंग एकदम किंचाळला. "बंद कर, बंद कर!"

त्यानं गोधडी ओढून फेकली आणि चंदाबाईला खांद्याला धरून मागं लोटलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पेट्रोलच्या रबरी नळीखाली त्यानं बोट फिरवलं. बोट ओलं झालं. नळीला केसाएवढी चीर होती, आणि चीर टोपीच्या वीतभर वर होती.

"मी बी येडाच," तो पुटपुटला. "वर पेट्रोल, खाली ठिणगी, अन् वरून गोधडी झाकली."

वाऱ्यानं वास जरा निघून गेला तसं हरिसिंगनं बॅटरीची वायर सोडवली आणि टोपी काढली. उन्हात धरली. टोपीला बारीक तडा होता. आतून एक काळी रेघ गेली होती, मुंग्यांच्या रांगेसारखी, आणि कडेला पिवळट खपली. त्यानं नखानं खपली काढून नाकाशी नेली.

"हळद?" तो म्हणाला. "अन् आंबूस वास. दूध हाये का हे?"

देवीलालनं बायकोकडे पाहिलं. "पूजा तं तू समोरून करतं ना वो? हेडलाईटीले?"

चंदाबाई मनात दिवस मोजू लागली. सोमवारी दूध. सोमवार-मंगळवार ओल. बुधवारपर्यंत वाळणार. सात सोमवार.

"नागोबा समजून वाह्यलं मी," ती म्हणाली. "पाच फणे दिसले. लेकीसाठी वाह्यलं."

देवीलालचं तोंड उघडलं, पण हरिसिंगनं हात वर केला. "भाऊ, रागावू नको. तडा जुना हाये, दव पडलं असतं तरी केव्हा ना केव्हा करंट भटकलाच असता. दुधानं लवकर झालं." मग तो चंदाबाईकडे वळला. आवाज खाली आला. "वहिनी, खरं सांगा. निरांजन कुठं ओवाळता?"

तिनं हात पुढे करून दाखवलं. हात थांबला तो नळीच्या अगदी वर.

"आज?"

"आज बी. पहाटे."

हरिसिंग खाली बसला. "देवानं वाचवलं," एवढंच बोलला.

चंदाबाईला ते पटलंही आणि त्यानं धीरही आला नाही. आज वाचवलं. सात वेळा वाचवलं. देवानं आणखी किती वेळा हात धरायचा?

"नळी मी कापून बसवतो," हरिसिंग म्हणाला. "पण टोपी गेली. ते काळी रेघ खरवडली तरी करंट त्याच वाटेनं जाते. रस्त्यात, नाल्यात, कुठंबी बंद पडन. नवी टोपी बसल्याबिगर पोरीले इच्यात बसवू नका. महागावात जुन्या पार्टवाल्याकडं एक हाये, मी फोन करतो. लवकर न्यावं लागन, एकच हाये."

"तोवर काही झालं तं तांड्यातल्या उत्तमसिंगचा ट्रॅक्टर हाये ना," देवीलाल म्हणाला.

ट्रॅक्टर. चंदाबाईनं मांडीवरून हात फिरवला, काही झटकावं तसा.

तेवढ्यात वर्षा दारात आली. एक हात चौकटीवर, दुसरा पोटाखाली.

"याडी, काय झालं वो? कोण ओरडलं?" तिनं आईला विचारलं.

"काही नाही बेटा. कळ आली का?"

"कळ नाही. पण सकाळपासून खाली दाबून राह्यलं."

चंदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी डॉक्टरीणबाईले फोन लावा. फाट्यावर अँब्युलन्स सांगून ठेवा, कळ येवो न येवो. अन् हरिसिंगभाऊच्या हाताशी राहा. त्यायची मोटरसायकल इथंच राहू द्या, कळ आली तं धावपळीले. हे मीच बिघडवलं, मीच जातो."

तिनं देवघरासमोर जाऊन हात जोडले. मागितलं काहीच नाही. अर्धं घासलेलं निरांजन मोरीवर तसंच पडलं होतं. शेजारी काढून ठेवलेली वात तिनं उचलून बाहेर टाकली. फुटकी टोपी, नमुना दाखवायला, फडक्यात बांधून पिशवीत घातली आणि फाट्याची वाट धरली. अकराची एसटी पकडून तिला महागावहून डिस्ट्रिब्युटरची टोपी आणायची होती.