गुलाम रसूलचाचांना आधी विचारा

गुलाम रसूलचाचांच्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्याउभ्या काम होत नव्हतं. "बसा आधी," म्हणायचे. काउंटर गुडघ्याएवढं, पुढ्यात एक बुटका बाक. चाचांची उंची साडेतीन फूट. बाकावर बसलं की तुमचे न् त्यांचे डोळे समोरासमोर यायचे, मगच ते नोट्सच्या गठ्ठ्याला हात लावायचे. लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतले बडे बडे सर गाडीतून उतरून त्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले मी पाहिलेत. लई बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू!

मी विशाखा, बिलोलीची. डॉक्टर व्हायला आले होते, दोनदा आपटले. त्याला थोडं फिजिक्स कारण अन् थोडा हारिस. हारिस माझ्याच बॅचचा, नांदेडचा, सहा फुटी ताडमाड. त्यानं हैदराबादच्या मामेभावाकडून एका खेळाचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं. कागदावर आपलं एक पात्र लिहायचं, फासे टाकायचे अन् गुहा, राक्षस, खजिना अशी गोष्ट सगळ्यांनी मिळून बोलत बोलत रचायची. गोष्ट चालवणारी मी.

पुस्तक बाइंडिंगला दिलं, तेव्हा चाचांनी एका चित्रावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"बुटके लोक, चाचा."

"काय लिव्हलंय त्यांचं?"

अक्कल गहाण ठेवलेल्या हारिसनं मोठ्यानं सांगितलं, "खादाड, हसरे, हाताचे चलाख. लढाईत कामाचे न्हाईत, पण बिळात घुसवायला एक नंबर!"

मी त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता. चाचांनी पुस्तक मिटलं. "लिव्हणारा किती फुटाचा होता रे?" म्हणाले. मग, "मलाबी घ्या खेळात. मी दाखवतो बुटका कसा असतो ते."

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. रविवारी दुपारी लाईट गेली, मशीन थंड झालं की दुकानातच आमचा बॅचमधल्या चार-पाच जणांचा डाव बसायचा. चाचांनी आपलं पात्र लिहून घ्यायला लावलं: वय एकोणचाळीस, दाढी हाय, भूक बेताची, राग येतो. "काही खास शक्ती?" मी विचारलं. "टायमावर काम देतो," म्हणाले. क्लासच्या गल्लीत ही खरंच जादू होती.

तिसऱ्या रविवारी मी गोष्टीत एक ढासळलेला किल्ला आणला. दगडांत एक अरुंद भोक, आतून कुणाची तरी हाक. हारिसनं विचारच केला न्हाई. "चाचाच्या कंबरेला दोर बांधा अन् सोडा आत!"

चाचांनी फासे खाली ठेवले. "खेळ बंद. निघा."

आठ दिवस त्यांनी आमच्याशी शब्द काढला न्हाई. काय चुकलं ते मला धड कळेना, पण घास गोड लागेना. शेवटी एकटीच गेले अन् बाकावर बसून राहिले. हातातला गठ्ठा बाजूला सारून ते बोलायला लागले.

"त्र्याण्णवच्या भूकंपाची सकाळ. आमच्या गावात शेजारच्या बसम्माच्या पडलेल्या घराखालून आवाज येऊन राहिला होता. कुणीतरी म्हणलं, ह्याला सोडा, हा मावतोय. दोर बांधला, सोडलं बी. बसम्मा जिती निघाली. पेपरात माझा फोटो छापून आला, 'दहा वर्षांचा चिमुकला वीर'. दहा! छब्बीस का था मैं! दाढी होती!"

मला हसू फुटलं. तेही हसले, अन् मग हसायचे थांबले.

"मी गेलोच असतो, बेटा. बसम्मानं मला कडेवर खेळवलेलं. विचारलं असतं तर हाव, जातो म्हणलो असतो. पण कुणी विचारलंच न्हाई. पोतं सोडावं तसं सोडलं. लोक बुटक्याला जोकर करतेत न्हाईतर देव. विचारत कुणी न्हाई."

त्या संध्याकाळी मी हारिसला असा झापला, की मेसमध्ये त्याला वरण गिळवेना.

पुढच्या रविवारी तो बाकावर आधी बसला, हनुवटीला गुडघे लावून. मी डाव त्या भोकापासूनच पुन्हा सुरू केला. "चाचा," त्याचा आवाज बारीक झाला होता, "आत कुणीतरी जायला पायजे. तुम्ही जाल का?"

"न्हाई," चाचा म्हणाले. "तू जा."

हारिसचा सहा फुटी योद्धा गेला. फासा पडला एक, सगळ्यात वाईट. "खांदे अडकले," मी सांगितलं, "पाय बाहेर हलून राहिलेत." चाचा मशीनला धरून हसले. सगळ्यांनी ओढून योद्धा बाहेर काढला. आतली हाक चालूच होती.

हारिस कानापर्यंत लाल झाला. "चाचा, आता तरी जाल का? न्हाई म्हणलात तरी चालतंय. आपण दुसरं काहीतरी करू."

चाचांनी फासे उचलून मुठीत घेतले. डोळे भरले होते त्यांचे, अन् माझेही.

"हाव," ते म्हणाले. मग माझ्या कागदावर बोट टेकवलं. "अन् दोर माझा मी बांधला, असं लिव्ह."