काटेबाई आणि हिरवी फीत

पुरुषोत्तमरावांनी एकतीस वर्षं बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात माल तपासण्यात घालवली. पास झालेल्या नगाला हिरवी फीत, नापासाला लाल. केसाएवढी चीरसुद्धा आपल्या नजरेतून सुटली नाही, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्या बायकोला, प्रतिमाताईंना, विचाराल तर ह्या माणसाला फ्रिजमधलं दही कधी सापडलेलं नाही!

निवृत्तीनंतर दोघं देवनहळ्ळीच्या नव्या वसाहतीत राहायला आली. शेजारचा प्लॉट रिकामा, त्यात बाभळीची दोन झुडपं. एका सकाळी चहाचा कप घेऊन राव कुंपणाशी उभे होते, तर बाभळीचा एक काटा चालायला लागला.

"अगं, काटा चालतोय!"

"चष्मा पुसा," आतून उत्तर आलं.

चष्मा पुसला, भिंग आणलं. तो काटा नव्हताच. तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी किडा, पाठीवर टोकदार शिंगं, आणि फांदीला असा चिकटलेला की देवानेच तिथे काटा लावलाय असं वाटावं. मोबाइलवर शोधल्यावर 'ट्रीहॉपर' असं नाव निघालं. एवढ्या देखण्या जीवाला हे कसलं नाव! रावांनी तिला काटेबाई म्हणायला सुरुवात केली, कारण ती आपल्या अंड्यांवर ठाण मांडून बसली होती. बोट जवळ नेलं तरी हलेना.

तीन आठवड्यांत अकरा पिल्लं झाली. त्यांचा गोड पाझर चाटायला मुंग्या आल्या आणि राखणही करू लागल्या. राव रोज सकाळी मोजणी करत आणि प्रतिमाताईंना आकडा सांगत. त्या म्हणत, "स्वतःच्या लेकीचे दात कधी मोजले होते का हो?"

मग नोटीस लागली: रविवारी प्लॉट साफ होणार. पिल्लांना अजून पंख नव्हते. बाभूळ गेली की अकराच्या अकरा गेली. ते तडक झाडं तोडणाऱ्या पद्मनाभकडे गेले.

"त्या झुडपाला खूण करा सर," तो म्हणाला. "त्याला हात लावत नाही. सरी?"

"सरी, ठीक आहे!" म्हणत रावांनी घरी येऊन कपाटातला कारखान्यातल्या फितींचा जुना गठ्ठा काढला आणि झुडपाला फीत बांधली, चांगली घट्ट.

रविवारी ते देवळातून परतले, तर झुडूप आडवं झालेलं.

"अरे पद्मनाभ! फीत बांधली होती ना मी!"

"कुठे सर? मी दोनदा बघितलं."

रावांनी ढिगातून फांदी ओढून फीत दाखवली. पद्मनाभ फितीकडे बघत राहिला. मागून आलेल्या प्रतिमाताईंनी कपाळावर हात मारला. "अहो, हिरव्या झाडाला हिरवी फीत?"

रावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते ढिगापाशी बसले आणि एकेक फांदी तपासू लागले. हजार काटे, त्यातला एक शोधायचा. हात ओरबाडून निघाले. ती एकतीस वर्षांची नजर आज काही कामाची नव्हती, आणि त्यांना खरंच रडू येत होतं.

"सर, स्वल्प थांबा," पद्मनाभ खाली वाकला. "काटे सोडा, मुंग्या बघा."

मुंग्यांची रांग ढिगाखाली एका फांदीवर चढत होती. तिथेच होती काटेबाई! एवढं झाड कोसळलं, पण बाई पिल्लं सोडून उडाली नव्हती. रावांनी ती फांदी गटाराकडेच्या, अजून न तोडलेल्या दुसऱ्या बाभळीला सुतळीने बांधली. ती बाभूळ तशीच सोडून पद्मनाभने कोयता गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या सकाळी चहा न घेताच राव भिंग घेऊन धावले. कापलेली फांदी रिकामी होती. शेजारच्या ताज्या फांदीवर मोजणी सुरू झाली. नऊ. दहा. पुन्हा पहिल्यापासून. अकरा! आणि त्यांच्या पलीकडे एक जास्तीचा काटा.

"अगं, सगळी आहेत!" ते ओरडले, आणि खिशातून लाल फीत काढून त्यांनी झुडपाला बांधली. उभ्या आयुष्यात पास मालाला त्यांनी पहिल्यांदाच लाल फीत लावली होती.